उभ्या बैलाचा चारा

‘हौसेला मोल नाही’ अशी एक म्हण आपल्यात आहे. ज्याने ती पहिल्यांदा उच्चारली, त्याचे बिल बहुधा दुसरे कोणी तरी चुकते करीत असावे. माझा सारा जन्म रेल्वेच्या हिशेब खात्यात गेला. तेथे मोल नसलेली वस्तू मला कधी आढळली नाही. फुटलेल्या कंदिलाच्या काचेलाही आमच्याकडे एक रकाना असे. त्यामुळे कोणी हौसेची गोष्ट काढली की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. घरातली माणसे याला माझा रुक्षपणा म्हणतात. मला मात्र वाटते, हौसेचा खरा शत्रू हिशेब नव्हे. अर्धवट केलेला हिशेब हा तिचा शत्रू. ज्याने पुरता हिशेब केला आणि तरीही ‘हो’ म्हटले, त्याची हौस टिकते. ज्याने नुसती विकत घेण्याची किंमत पाहिली, त्याची हौस पहिल्या पावसाळ्यात भिजून जाते.

आणि सगळ्या हौसांत महाग हौस कोणती, तर वेगाची.

आम्हां कर्जत-खालापूरच्या माणसांना वेगाचे कौतुक नवे नाही. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली, तेव्हापासून कर्जत हे ताकदीच्या मोजमापाचे गाव झाले आहे. सदतीस फुटांत एक फूट असा तो चढ. पुण्याकडे जाणारी जड गाडी येथे थांबते, मागून रेटण्यासाठी जादा इंजिने लागतात, आणि तेवढ्या वेळात प्रवासी वडापाव खाऊन घेतात. त्या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात. लहानपणी मला वाटे, एवढी थोरली इंजिने आणि काम काय, तर लोणावळ्यापर्यंत अठ्ठावीस किलोमीटर मागून ढकलायचे! पुढे हिशेब खात्यात गेल्यावर कळले की ते इंजिन एका गाडीला पोहोचवते, खाली येते, दुसरीला लागते. दिवसभर त्याच्या चाकांना उसंत नसते. म्हणूनच ते परवडते.

याच तालुक्यात माथेरान आहे, जेथे मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव आहे. माणसे तेथे पायी किंवा घोड्यावर हिंडतात आणि त्यासाठी पैसे मोजतात. आणि शेजारच्या खालापुरातून मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग जातो. २००२ साली तो पुरा झाला आणि आमच्या शेतांच्या कडेने दिवसरात्र वेगाची एक नदी वाहू लागली. एका हाताला मोटारबंदीचे गाव, दुसऱ्या हाताला मोटारींचा महापूर, आणि मध्ये आम्ही. अशा जागी वाढलेल्या पोराच्या डोक्यात मोटार शिरली, तर दोष कुणाला द्यावा?

ते पोर म्हणजे माझा पुतण्या. रसायनीच्या एका कारखान्यात तो नोकरीला आहे, वय सत्तावीस. दादा गेल्यानंतर वहिनींनी आणि मुलांनी मिळून रस्त्याकडेचा एक तुकडा विकला. आमच्या भागात आता भातापेक्षा फार्महाउसला जमीन अधिक मानवते. या पुतण्याच्या वाट्याला अकरा लाख रुपये आले. एका मित्राबरोबर तो कोइंबतूरला जाऊन आला आणि आल्यावर आठ दिवस कुणाशी धड बोलेना. वहिनींना वाटले, एखादी मुलगी पाहून ठेवली असेल. चौकशीअंती निघाली मोटार.

त्याने मला जे समजावून सांगितले ते असे. मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेले मार्ग आपल्या देशात आहेत: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे एक, कोइंबतूरजवळ करी मोटर स्पीडवे नावाचा एक, आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला सर्वांत मोठा, जेथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची जागतिक शर्यत झाली. या मार्गांवर काही दिवस हौशी लोकांसाठी राखलेले असतात. फी भरायची, शिरस्त्राण घालायचे, आपली स्वतःची गाडी आणायची आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांनी ती मनसोक्त पळवायची. याला ते ‘ट्रॅक डे’ म्हणतात. ही शर्यत नव्हे. बक्षीस नाही, हरजीत नाही. समोरून ट्रक येत नाही, आडवी म्हैस येत नाही, शाळेतून सुटलेले पोर येत नाही.

“काका, वर्षातून तीनदाच जाईन,” तो म्हणाला. “पण त्यासाठी गाडी तशी हवी. नवी घ्यायची आपली ऐपत नाही, जुनी मिळते.”

वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतले. “भावोजी, तुम्ही तरी त्याला समजवा. जमीन गेली. तिचे पैसे गाडीत गेले आणि ती गाडीही बारा महिने दारात उभी राहिली, तर आमच्या हाती काय राहिलं?”

‘नको’ म्हणणे मला सोपे होते. पण एक गोष्ट मनात सलत होती. रात्री अकराची पाळी संपवून हा मुलगा मित्रांबरोबर कधी कधी द्रुतगती मार्गावर जातो, हे मला ठाऊक होते. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चढाओढ लावणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. २०१९च्या सुधारणेनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण तरण्या पोराला कलमांची भीती वाटत नाही. आणि मला कलमांपेक्षा निराळीच भीती वाटत होती. ज्याला वेगाची तहान लागली आहे त्याची विहीर बुजवून चालत नाही, नाही तर तो मिळेल त्या पाण्याला तोंड लावतो. कोइंबतूरचा तो बंदिस्त रस्ता एकंदरीत बऱ्याच सुरक्षित पाण्याचा होता. तेव्हा मी ‘नको’ म्हटले नाही. मी म्हटले, “वही आण.”

आधी स्थळे पाहिली. जुन्या वेगवान गाड्यांचा बाजार हा थेट लग्नाच्या बाजारासारखा असतो: फोटो सगळे देखणे, वय थोडे कमी सांगितलेले, आणि ‘घरंदाज, एकहाती वापर’ हे प्रत्येकाच्या पत्रिकेत. पहिले स्थळ होते फियाटच्या अबार्थ पुंटोचे. २०१५ साली ही गाडी आली तेव्हा दहा लाखांच्या आत एकशेपंचेचाळीस अश्वशक्ती देत होती. फियाट हे नाव ऐकून मी विरघळलो. आमच्या पिढीची सगळी लग्ने, बाळंतपणे आणि दवाखाने फियाटच्या टॅक्सीत झाले आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा मला नातेवाईक गेल्यासारखे वाटले होते. पण २०२०च्या एप्रिलमध्ये धुराचे नवे नियम आले, त्याआधीच फियाटच्या मोटारी आपल्या बाजारातून निघून गेल्या. म्हणजे सासर आहे, पण माहेर उठून गेले आहे. सुटे भाग शोधत हिंडणे आले. दुसरे स्थळ होते स्कोडाच्या ऑक्टेव्हिया व्हीआरएसचे. २०१७ची, दोनशेतीस अश्वशक्तीची. तिची जुनी किंमत ऐकून आम्ही चहाही न घेता उठलो. तिसरे स्थळ, दहा वर्षांचे, दोनशेच्या आसपास अश्वशक्तीचे. मालक साडेनऊ लाख मागत होता. ते पोराच्या मनात भरले. त्या गाडीचे नाव येथे सांगत नाही. परक्याच्या घरचे स्थळ आहे.

ते पाहायला मीही गेलो होतो. गाडी कशी पाहावी हे पुतण्याने मला शिकविले आणि ते ज्ञान वाचकांच्या पदरात टाकतो, कारण साधी गाडी घेणाऱ्यालाही त्याचा उपयोग आहे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा गाळ मालकाने कितीही धुतला, तरी तेथे एक रेघ राहून जाते. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. तीच त्या टायरची जन्मपत्रिका. नक्षी कोरी करकरीत दिसली, तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक झालेले असते. समुद्राकाठी राहिलेली गाडी असेल तर वाकून पोटाखालचा गंज पाहावा. आणि अशा वेगवान गाड्यांत एक आणखी पाहायचे: आधीच्या मालकाने इंजिनाच्या संगणकात फेरफार करून तिच्याकडून जादा ताकद काढली होती काय? विकताना तो फेरफार पुसून टाकता येतो, पण त्याचा शीण गिअरबॉक्सच्या आणि क्लचच्या हाडांत राहतो. बाहेरून काही दिसत नाही. माणसांचेही असेच असते.

मग आम्ही हिशेबाला बसलो. मी दोन रकाने पाडले. एकाला नाव दिले ‘पळता खर्च’, दुसऱ्याला ‘उभा खर्च’. पुतण्याने पहिला रकाना फार उत्साहाने भरला. कोइंबतूर येऊन-जाऊन अडीच हजार किलोमीटर; लिटरला साडेबारा धरले, तर दोनशे लिटर पेट्रोल, एकवीस हजार रुपये. टोल, मुक्काम, जेवण बारा हजार. फीचे दहा हजार धरले. त्या मार्गावर तासभर पळवायची, तर गाडी लिटरला चार किलोमीटरच जाते. तेथले पेट्रोल अडीच हजार. टायर आणि ब्रेक झिजतात, त्यांचे बावीस हजार. एका खेपेचे झाले साडेसदुसष्ट हजार. तीन खेपांचे दोन लाख अडीच हजार.

“एवढंच,” तो म्हणाला. त्याला तेही थोडे जडच वाटत होते. पण ओव्हरटाइम करून भागेल असे त्याने मनाशी ठरविले होते.

दुसरा रकाना मी भरला. विमा: पंधराशे सीसीवरच्या गाडीचा नुसता सक्तीचा, परक्याच्या नुकसानीचा विमाच २०२२पासून वर्षाला ७,८९७ रुपये, पुरा विमा घेतला, तर बत्तीस हजार धरू. येथे पुतण्याला एक बातमी नवी होती. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या अटींत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. म्हणजे बत्तीस हजार भरून ती गाडी ज्या तासासाठी घेतली, नेमका तोच तास विम्याच्या छत्राबाहेर! कठड्यावर आपटली, तर सारे नुकसान आपले. पुढे: वर्षाची तेलपाण्याची देखभाल, बावीस हजार. गाडीची घटणारी किंमत, ऐंशी हजार. साडेनऊ लाख बँकेत ठेवले असते, तर सात टक्क्यांनी साडेसहासष्ट हजार व्याज आले असते, ते बुडाले. क्लच किंवा गिअरबॉक्स कधी तरी मान टाकणार, त्यासाठी दर वर्षी पन्नास हजार बाजूला. आणि बॅटरी, रबरे, बारीकसारीक, पंधरा हजार.

“हे बारीकसारीक कशाला, काका? गाडी तर उभीच असणार.”

तेथेच तर सारी मेख होती. उभ्या वस्तूला खर्च नाही, हा माणसाचा फार जुना गैरसमज आहे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते; मोटार काही निराळ्या मातीची नसते. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. ‘डॉट ४’ जातीचे ताजे तेल निदान दोनशेतीस अंशांना उकळायला हवे असा दंडक आहे, पण ओल प्यालेल्या त्याच तेलाला एकशेपंचावन्नपर्यंत खाली उतरण्याची मुभा असते. कोइंबतूरच्या तिसऱ्या वळणावर ब्रेक तापले आणि तेल उकळले, की पाय नुसता फळीवर जातो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. त्यालाही पाण्याची आवड, आणि त्यासाठी न घडविलेल्या जुन्या गाड्यांची रबरे ते कालांतराने खराब करते. बॅटरी उभ्या उभ्या उतरते. आणि भातकापणी झाली की शेतातले उंदीर ऊब शोधत गावात येतात. इंजिनाच्या तारा कुरतडायला त्यांना कोणत्याही कंपनीची गाडी चालते.

बेरीज मारली. उभा खर्च दोन लाख पासष्ट हजार पाचशे. पळता खर्च दोन लाख अडीच हजार. एकूण चार लाख अडुसष्ट हजार. तीन खेपांचे मिळून पळण्याचे तास तीन, म्हणजे एकशे ऐंशी मिनिटे. मी भागाकार मांडला आणि वही त्याच्यापुढे सरकविली. मिनिटाला दोन हजार सहाशे रुपये. आणि रजा न मिळाल्यामुळे एकच खेप झाली, तर मिनिटाला साडेपाच हजारांच्या वर. एकही झाली नाही, तर? तर गाडी दारात उभी राहून रोज सकाळी सातशे सत्तावीस रुपये खाणार.

त्याचा चेहरा उतरला. मला आनंद झाला नाही. हिशेबाने जिंकलेल्या वादात जिंकणाऱ्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. तो तेवढ्यात म्हणाला, “मग नानांनी कशाला ठेवले होते?”

नाना म्हणजे आमचे शेजारी. त्यांच्या गोठ्यात शर्यतीचे बैल असतात. घाटावरच्या बाजारातून आणलेले खिलार. पांढरे शुभ्र, शिंगे तलवारीसारखी मागे वळलेली, पायांत पारा भरल्यासारखे. त्यांना नुसता पेंढा चालत नाही. पेंड, कणीक, दूध, कधी अंडी. शर्यतीच्या दिवशी छकड्याला जुंपले की मिनिटाभराचा खेळ, आणि वर्षात असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुतण्याचा मुद्दा बिनतोड होता. कर्जत-खालापूरच्या मातीत ‘ट्रॅक डे’ काही कोइंबतूरहून आलेला नाही. तो आमच्या शेजारच्याच गोठ्यात बांधलेला होता.

आम्ही दोघे नानांकडे गेलो. पुतण्याने गाडीची सारी हकीकत सांगितली. दोनशे अश्वशक्ती म्हटल्यावर नानांनी विडी बाजूला ठेवली आणि विचारले, “दोनशे घोडे? चारा किती लागतो रे त्यांना?”

मला एवढे दोन रकाने पाडावे लागले, ते नानांनी एका प्रश्नात विचारून घेतले. मी आकडे सांगितले. त्यावर ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपल्या जुन्या जोडीची गोष्ट काढली. मला ती ठाऊक होती, पण हिशेबाच्या अंगाने मी ती कधी ऐकली नव्हती.

२०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. मुक्या जनावरांच्या हालांचा प्रश्न न्यायालयापुढे होता आणि तो प्रश्न खोटा होता असे नानाही म्हणत नाहीत. चाबकाने आणि खिळ्यांनी बैल पळविणारे त्यांनीही पाहिले आहेत. त्या वेळी त्यांच्या जोडीतला एक पाच वर्षांचा होता, दुसरा सहा. ऐन उमेदीत. २०१७ साली राज्याने कायदा केला, पण तोही न्यायालयात अडकला. शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली ती २०२१च्या डिसेंबरात. आणि २०२३च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. बंदी ते परवानगी, मध्ये गेली साडेसात वर्षे. या साडेसात वर्षांत पुष्कळांनी बैल विकले. नानांनी विकले नाहीत. रोजचे तीनशे रुपये धरले, तरी आठ लाखांच्या वर रक्कम होते. मी ती तेथेच मनात केली आणि मनातच ठेवली. परवानगी आली तेव्हा बैल बारा-तेरा वर्षांचे झाले होते. त्यांचे पळायचे दिवस उभ्यानेच संपले होते.

“पहिल्या शर्यतीला मी त्यांना घेऊन गेलो,” नाना म्हणाले. “जुंपायला नाही. झूल घातली, शिंगं रंगवली आणि कडेला उभे केले. बघू देत म्हटलं.”

पुतण्याने विचारले, “नाना, मग पैसे वाया गेले असं नाही वाटत?”

“पळायसाठी आणले असते, तर गेले असते वाया. पण मला ते सकाळी गोठ्यात दिसायला लागतात. तुला गाडी उभी दिसली, तर बरं वाटेल का? ते बघ. वाटणार असेल, तर घे.” आणि थोडे थांबून म्हणाले, “अन् आणखी सांगतो. माझ्या बापाकडे शर्यतीचे बैल निराळे नव्हते. ज्यांनी चिखलणी केली, ज्यांनी गाडीनं भात गिरणीवर नेलं, तेच शर्यतीला जायचे. वर्षभर तेच आम्हांला पोसायचे आणि एक दिवस आम्ही त्यांना मिरवायचो. आता चिखलणीला पॉवर टिलर आला. बैल नुसते शर्यतीचे राहिले. तेव्हापासून हे महाग झालं.”

घरी येताना आम्ही दोघे गप्पच होतो. मी बँकर इंजिनाचा विचार करीत होतो. ते परवडते, कारण ते रोज घाट चढते. मोटारींच्या शर्यतींचेही पूर्वी असेच होते. स्वातंत्र्यानंतरच्या काळात जुहूच्या, मद्रासजवळच्या शोलावरमच्या आणि बराकपूरच्या विमानांच्या धावपट्ट्यांवर शर्यती होत, तेव्हा त्यांत घरोघरच्या जातीच्या फियाट आणि हेराल्ड गाड्याही धावत. आज आपण कामाला एक वस्तू ठेवतो आणि सणाला दुसरी. कामाची वस्तू आपल्याला पोसते. नुसत्या सणाच्या वस्तूला आपल्याला पोसावे लागते. दोन्ही गोष्टींना जगात जागा आहे. नानांनी दुसरी पत्करली आणि त्यात त्यांचे घर बुडाले नाही, कारण त्यांना चाऱ्याचा आकडा पहिल्या दिवसापासून ठाऊक होता आणि तो रोज सकाळी आनंदाने घालण्याची त्यांची तयारी होती. प्रश्न एवढाच की, सत्तावीस वर्षांच्या मुलाने, बापाच्या जमिनीच्या पैशांतून, रोजचे सातशे सत्तावीस रुपये कोणत्या तयारीवर घालावेत?

हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. त्याने तो स्वतःच सोडविला. पंधरा दिवसांनी त्याने साडेतीन लाखांची एक साधी, छोटी, जुनी पेट्रोल गाडी आणली. हाताने गिअर टाकायची, वजनाला हलकी, जिचे सुटे भाग खोपोलीच्या कोणत्याही दुकानात मिळतात. तिच्यात त्याने चार चांगले टायर, नवे ब्रेक पॅड आणि ताजे ब्रेकचे तेल घातले. ती गाडी रोज रसायनीला जाते. वहिनींना महिन्यातून एकदा महडच्या वरदविनायकाला नेते. परवा नानांच्या सुनेला रात्री दवाखान्यात नेले, तेही तिच्यातूनच. उरलेले पैसे त्याने मुदत ठेवीत टाकले आणि पावती आईच्या नावाची केली. वहिनींनी ती देवघरात ठेवली आहे, बँकेचा विश्वास कमी असावा म्हणून नव्हे, तर जमिनीचे कागद पूर्वी तेथेच असत म्हणून.

फेब्रुवारीत तो कोइंबतूरला जाऊन आला. वर्षातून एकदाच जायचे ठरविले आहे. तेथे दोनशे-अडीचशे अश्वशक्तीच्या गाड्या त्याच्या कडेने वाऱ्यासारख्या निघून गेल्या म्हणे. सरळ रस्त्यावर सगळ्यांनी मागे टाकले. एका वळणावर मात्र त्याने एका बड्या गाडीला गाठले आणि ते वळण तो मला अजून जेवताना भाताच्या आळ्यावर बोट फिरवून दाखवितो. शिकविणाऱ्या माणसाने त्याला सांगितले की कमी ताकदीच्या गाडीत माणूस चालवायला शिकतो. जास्त ताकदीच्या गाडीत चुका झाकल्या जातात. रात्रीचे द्रुतगती मार्गावर जाणे बंद झाले की नाही, हे मी विचारलेले नाही. तो स्वतःच एकदा म्हणाला, “तिथं पळवून आल्यावर इथल्या रस्त्यावर भीती वाटते, काका. इथं कुणाचाच भरवसा नाही.” भीती वाटू लागली, हे ऐकून वहिनींनी देवापुढे साखर ठेवली.

साडेनऊ लाखांच्या त्या गाडीचा फोटो अजून त्याच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. मला ते ठाऊक आहे आणि त्यात मला वावगे वाटत नाही. उद्या त्याचा पगार वाढेल, अंगणात पक्की शेड होईल, उभ्या गाडीकडे पाहून रोज सकाळी बरे वाटण्याइतकी ऐपत येईल. तेव्हा त्याने ती जरूर घ्यावी. वही कपाटात आहे. आकडे तेवढे नव्या भावाने घालायचे. रकाने दोनच राहतील.

आमच्याकडे पाडव्याला गुरांना न्हाऊ घालतात, अंगावर गेरूचे हात उमटवितात आणि पेटत्या पेंढ्यावरून उडवितात. नानांच्या गोठ्यात आता नवी जोडी आहे, आणि जुन्यांतला एक अजून रवंथ करीत कोपऱ्यात बसलेला असतो. त्याला कोणी उडवीत नाही. विस्तवापासून दूर उभा करून ओवाळतात. या वर्षी पुतण्याने आपल्या छोट्या गाडीसाठीही झेंडूची एक माळ आणून ठेवली आहे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज. त्या दिवशी तिला बहिणीकडे बदलापूरला जायचे आहे. माळ तशीच असू दे, असे वहिनींनी त्याला बजावले आहे.